डोंगरावर दुपारी काळे ढग. संध्याकाळी सपाटीवर काय होणार हे कसं ओळखायचं?

सपाटीवरचा:

उन्हाळा सुरू झाला की दुपारी माझी नजर पश्चिमेला लागलेली असते. मी राहतो तो भाग अगदी सपाट, झाडंही तुरळक. पश्चिमेला तीसेक किलोमीटरवर डोंगरांची रांग आहे. सकाळी आभाळ लख्ख असतं. दहा-साडेदहाला शिखरांवर पांढरे पुंजके दिसू लागतात, आमच्या डोक्यावर तेव्हा एकही ढग नसतो. एक-दीडपर्यंत ते पुंजके उंच चढतात, त्यांची खालची बाजू काळवंडते, आणि दोनच्या सुमारास डोंगरावर पाऊस चालू आहे हे इथूनही स्पष्ट दिसतं.

इथपर्यंत सगळे दिवस सारखे. पुढे तीन वाटा फुटतात. काही दिवशी ते ढग तिथेच विरतात आणि पाच वाजता आभाळात नुसता पांढरट पडदा उरतो. काही दिवशी ढग आमच्याकडे येतात, पण पाऊस नाहीच. एकदम गार वारा सुटतो, धुळीने डोळे उघडत नाहीत, चार टपोरे थेंब पडतात आणि संपलं. आणि काही दिवशी संध्याकाळपर्यंत पान हलत नाही, जीव घाबरा होईल असा उकाडा, मग दिवेलागणीला जे सुरू होतं ते रात्रभर. विजा, गारा, सगळंच.

अ‍ॅपवर तिन्ही दिवशी ‘पावसाची शक्यता ३० टक्के’ एवढंच दिसतं. मी संध्याकाळी उघड्या मैदानावर मुलांकडून धावण्याचा सराव करून घेतो. चाळीसेक मुलं, आसपास आडोसा जवळजवळ नाही. सराव ठेवायचा की नाही हे मला दुपारी तीनपर्यंत ठरवावं लागतं, कारण काही मुलं लांबून येतात. डोंगराकडे बघून संध्याकाळचा अंदाज बांधता येतो का? की तो निव्वळ नशिबाचा भाग?

मेघमाला:

नशिबाचा भाग थोडा उरतोच, पण तुम्हाला वाटतो त्यापेक्षा बराच कमी. मी हवामान वेधशाळेत निरीक्षक होते. रेडिओसाँड बांधलेला फुगा दिवसातून दोनदा सोडणं, त्याने वर जाता जाता पाठवलेले तापमानाचे, दमटपणाचे आणि वाऱ्याचे आकडे मांडणं, हे माझं काम. त्या आकड्यांनी एक गोष्ट मनावर कायमची बिंबवली: डोंगरावरचा ढग फक्त सुरुवात सांगतो. पुढे काय होणार ते सपाटीवरची हवा ठरवते. त्यामुळे तुम्ही दुपारी डोंगराकडे बघता ते बरोबरच आहे, पण त्याआधी सकाळी स्वतःच्या पायाखालची हवा बघा.

आधी डोंगर. ऊन उतारावर पडतं तेव्हा उताराला टेकलेली हवा तापते. समजा तो उतार २५०० मीटरवर आहे. त्याच उंचीवर पण सपाटीच्या वर असलेली हवा जमिनीपासून दूर असल्यामुळे तेवढी तापत नाही. म्हणजे एकाच पातळीवर डोंगरालगतची हवा गरम आणि हलकी, बाजूची थंड आणि जड. हलकी हवा उताराने वर सरकते, तिच्या जागी खालची येते. भूगोलात दरीय वारे म्हणून शिकलो ते हेच. दोन्ही बाजूंच्या उतारांवरून हे वारे डोंगराच्या कण्यावर, म्हणजे माथ्याच्या धारेवर, येऊन भेटतात आणि तिथून त्यांना वर जाण्याखेरीज वाट नसते. म्हणून पहिला ढग नेहमी शिखरावर, आणि सपाटीवर त्या वेळी निळं आभाळ.

वर जाणारी हवा ढग बनेपर्यंत दर किलोमीटरला सुमारे ९.८ अंशांनी थंड होते. ढगाचा तळ किती उंचीवर येईल याचा एक सोपा हिशेब आहे: हवेचं तापमान वजा दवबिंदू (ज्या तापमानापर्यंत थंड झाल्यावर हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं ते), गुणिले १२५ मीटर. तापमान ३४ आणि दवबिंदू १४ असेल तर तळ जमिनीपासून सुमारे २५०० मीटरवर. तापमान ३० आणि दवबिंदू २० असेल तर १२५० मीटरवर. हा दवबिंदू जवळजवळ प्रत्येक हवामान अ‍ॅपमध्ये असतो, फक्त तो शोधावा लागतो. माझ्या मते ‘३० टक्के’पेक्षा तो आकडा कितीतरी जास्त कामाचा आहे. टक्केवारी सांगते ती एका ठिकाणी पाऊस पडण्याची शक्यता. तो कसा येईल, किती वेळ टिकेल, सोबत वारा किती असेल, यातलं काहीच ती सांगत नाही. ढग तयार झाला की बाष्पाचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते, त्यामुळे पुढे हवा सावकाश थंड होते, ढोबळमानाने किलोमीटरला ६ अंश. आसपासच्या हवेपेक्षा ती गरम राहते तोवर वर जातच राहते. वादळाचं इंधन ते हेच: खालच्या हवेतलं बाष्प.

आता तुमचे तीन दिवस.

पहिला, ढग तिथेच विरतात तो. वरच्या थरांत वारा मंद असला की असं होतं. १९४६-४७ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडा आणि ओहायो इथे विमानं थेट वादळांत नेऊन मोठा अभ्यास झाला, त्यात बायर्स आणि ब्रॅहम यांनी अशा ढगाच्या तीन अवस्था मांडल्या. आधी नुसती वर जाणारी हवा. मग वर जाणारी आणि पावसासोबत खाली येणारी, दोन्ही एकाच ढगात. शेवटी फक्त खाली येणारी. वारा मंद असतो तेव्हा पाऊस ज्या प्रवाहाने ढगाला पोसलं त्याच प्रवाहात पडतो आणि तो बंद पाडतो. अर्ध्या-पाऊण तासात एक ढग संपतो. शेजारी दुसरा उठतो, तोही संपतो, आणि ऊन कललं की उतार तापणं थांबतं. तुम्हाला पाच वाजता दिसणारा पांढरट पडदा म्हणजे त्या ढगांच्या माथ्यावरचा उरलेला बर्फकणांचा थर.

दुसरा, धुळीचा दिवस. याला हलका समजू नका. ढगाचा तळ खूप उंच आणि खालची हवा कोरडी असली की पाऊस वाटेतच सुकतो. ढगाखाली लोंबणाऱ्या, जमिनीपर्यंत न पोचणाऱ्या करड्या झालरी दिसतात त्या याच. थेंब सुकताना हवेतली उष्णता घेतात, हवा थंड आणि जड होते आणि खाली कोसळते. जमिनीवर आदळून ती चारी दिशांना फाकते. रॉकी पर्वताच्या पूर्वेकडची उंच सपाटी या प्रकारासाठी प्रसिद्ध आहे. १९८२ मध्ये डेन्व्हरजवळ खास याच झोतांचा अभ्यास झाला, कारण उतरणाऱ्या आणि उडणाऱ्या विमानांना त्यांच्यापासून मोठा धोका असतो. धुळीच्या दिवशी पाऊस चार थेंब पडतो, पण विजा तितक्याच खऱ्या असतात. तुमच्या मुलांच्या दृष्टीने कोरडं वादळ हे वादळच.

तिसरा, उकाड्याचा. इथे तीन गोष्टी एकत्र येतात. सपाटीवर ओलसर हवेचा जाड थर. त्याच्या वर कुठून तरी आलेला गरम, कोरडा थर, जो पातेल्यावरच्या झाकणासारखा बसतो. आणि उंचीनुसार दिशा आणि वेग बदलणारा वारा. झाकणामुळे सपाटीवरची हवा दिवसभर तापते, दमट होते, पण वर जाऊ शकत नाही; म्हणून ढग नाहीत, पान हलत नाही आणि घुसमट होते. डोंगर या झाकणाच्या वर डोकं काढून असतो किंवा उताराचे वारे तिथे ते फोडतात, म्हणून ढग तिथे बनतात. संध्याकाळी डोंगरावरच्या वादळाची थंड हवा उतारावरून सपाटीवर पसरते, खालच्या दमट हवेला पाचरीसारखी उचलते आणि झाकण फुटतं. दिवसभर साठलेलं सगळं एकदम वर जातं.

जगातली सगळ्यात दांडगी वादळं ज्या थोड्या जागी होतात तिथे हीच रचना सापडते. अमेरिकेच्या ग्रेट प्लेन्सवर, म्हणजे रॉकीच्या पूर्वेकडच्या विस्तीर्ण सपाटीवर, खालून मेक्सिकोच्या आखाताची दमट हवा येते, वरून पश्चिमेच्या आणि नैऋत्येच्या उंच पठारांची तापलेली कोरडी. अर्जेंटिनात सिएरास दे कोर्दोबा या डोंगररांगेजवळ खालची दमट हवा अ‍ॅमेझॉनकडून येते, वरची अँडीज ओलांडून. तिथे २०१८ मध्ये मोठी निरीक्षण मोहीम झाली होती. हिमालयाच्या वायव्य पायथ्याशी पावसाळ्यात अरबी समुद्राचा ओलावा खाली आणि अफगाण पठाराकडची कोरडी हवा वर, आणि पायथ्याच्या टेकड्यांवर झाकण फुटतं. खंड तीन, रचना एकच.

वारा उंचीनुसार बदलला की आणखी एक गोष्ट होते. ढग तिरपा होतो आणि पाऊस वर जाणाऱ्या प्रवाहाच्या बाजूला पडतो. म्हणजे ढग स्वतःला संपवत नाही, तासन्‌तास जगतो. खाली आग्नेयेचा आणि वर पश्चिमेचा जोरदार वारा असेल तर अख्खा ढग स्वतःभोवती फिरू लागतो. मोठ्या गारा अशाच ढगांत घडतात. २३ जुलै २०१० ला अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यातल्या व्हिव्हियन गावी पडलेली गार २० सेंटिमीटर व्यासाची होती, वजन पाऊण किलोहून अधिक. उंच सपाटीवर गारा जास्त का, याचंही कारण सरळ आहे: जमीनच उंचावर असल्यामुळे गारेला वितळायला गरम हवेतलं अंतर कमी मिळतं.

एवढं कळलं की तुमचं तीन वाजताचं काम सोपं होतं. सकाळी दवबिंदू बघा; कालच्यापेक्षा चार-पाच अंशांनी वाढला असेल तर सावध. आकड्याला एक ठरावीक सीमा नसते, उंच सपाटीवर १२-१३ सुद्धा मोठ्या वादळाला पुरतो, सखल भागात तेवढ्यात काही होत नाही. म्हणून तुलना स्वतःच्याच जागेच्या आकड्यांशी करा. मग जमिनीवरचा वारा. तुमच्याकडे तो पूर्वेकडून, म्हणजे डोंगराच्या दिशेने वाहत असेल तर तो ओलावा डोंगराला पुरवतोय. मग वरच्या ढगांची चाल. खाली पूर्वेचा वारा आणि वर तंतूसारखे ढग पश्चिमेकडून भरभर सरकताना दिसले, तर त्या दिवशी मी सराव ठेवला नसता. सकाळीच मधल्या उंचीवर किल्ल्याच्या तटासारख्या छोट्या उभ्या गाठी असलेले ढग दिसले तरी तीच खूण, वरची हवा अस्थिर आहे. आणि शेवटी ढगाचा माथा. फुलकोबीसारख्या कडा तीक्ष्ण असतील तर तो अजून वाढतोय. माथा पसरून ऐरणीसारखा झाला आणि त्या ऐरणीचं टोक तुमच्याकडे झुकलंय, तर वरचा वारा तुमच्याकडे आहे आणि वादळही बहुधा येणार.

एक भर घालते, कारण या विषयावर बोलताना ती राहून जाते. ढग डोंगरावरच थांबला म्हणजे सगळे सुटले असं नाही. ३१ जुलै १९७६ च्या संध्याकाळी कोलोरॅडोत बिग थॉम्प्सन दरीवर वादळ आलं. खालून पूर्वेचा दमट वारा त्याला सतत पोसत होता आणि वरचा वारा इतका मंद की ते हललंच नाही. काही तासांत सुमारे ३०० मिलिमीटर पाऊस पडला, अरुंद दरीतून लोंढा आला आणि १४० हून अधिक माणसं गेली. त्याच्या चार वर्षं आधी, ९ जून १९७२ ला, साउथ डकोटातल्या ब्लॅक हिल्स डोंगरांच्या पायथ्याच्या रॅपिड सिटीत असंच झालं होतं, तिथे २३८ माणसं गेली. दोन्हीकडे डोंगराने हवा उचलली आणि वाऱ्याने ढग पुढे नेला नाही. डोंगरातून येणाऱ्या नदी-ओढ्याच्या काठी तुम्ही असाल तर तुमच्या डोक्यावर पाऊस नसणं याला काही अर्थ नाही.

पाऊलवाट:

मेघमालाताई, हा प्रतिसाद मी आमच्या गिर्यारोहणाच्या गटात वाचून दाखवणार आहे. सपाटीवरच्या माणसाला तीन वाजता ठरवायचं असतं, आम्हाला पहाटे ठरवावं लागतं. उन्हाळ्यात उंच शिखरावर जायचं असेल तर अंधारात निघायचं आणि दुपारच्या आत माथा सोडून खाली लागायचं, हा आमचा नियम आहे. त्याला अपवाद करावा असं शिखर मी पाहिलेलं नाही. नव्या मुलांना तो पटत नाही, कारण दहा वाजता आभाळ इतकं सुंदर असतं.

त्यांना मी पोलंडच्या गिएवोन्टचं उदाहरण देतो. पोलंड-स्लोव्हाकिया सीमेवरच्या तात्रा पर्वतातलं हे लोकप्रिय शिखर, माथ्यावर उंच लोखंडी क्रॉस, चढायला साखळ्या. २२ ऑगस्ट २०१९ ला सकाळ छान होती म्हणून माणसं भरपूर गेली. दुपारी वादळ आलं, वीज माथ्यावर पडली. पोलंडच्या बाजूला चार जण गेले, त्यांत दोन मुलं, आणि शंभरावर माणसं जखमी झाली. बरेच जण साखळ्या धरून होते.

माझा प्रश्न: आम्हाला शिकवलं होतं की वादळात सापडलात तर पाय जुळवून उकिडवं बसा. आता काही जण म्हणतात ते करू नका. नक्की काय?

मेघमाला:

उकिडवं बसण्याचा सल्ला अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेने बऱ्याच वर्षांपूर्वी मागे घेतला. बसल्याने धोका फारसा कमी होत नाही, आणि तेवढा वेळ खाली उतरण्यात घातला तर तो खरोखर कमी होतो. म्हणून उतरा. कणा सोडा, एकट्या झाडापासून लांब राहा, साखळी किंवा तार असेल तर हात काढा, आणि एकमेकांत अंतर ठेवा, म्हणजे एक वीज सगळ्यांना लागणार नाही आणि मदत करायला कुणी उरेल.

अंगावर थेट वीज पडून जाणारी माणसं थोडी असतात. सगळ्यात जास्त माणसं सापडतात ती जमिनीतून पसरणाऱ्या प्रवाहात. वीज झाडावर किंवा खडकावर पडते, प्रवाह जमिनीतून बाहेर पसरतो आणि दोन पायांमधल्या अंतरामुळे एका पायातून वर चढून दुसऱ्यातून उतरतो. चारपायी जनावरांच्या पायांतलं अंतर जास्त, म्हणून झाडाखाली उभी असलेली गुरं एकदम मरतात. उथळ कपार किंवा गुहेचं तोंड यासाठीच वाईट: वरून येणारा प्रवाह छत आणि जमीन यांमधलं अंतर तुमच्या शरीरातून ओलांडतो.

आणि कुणाला लागलीच तर त्या माणसाला हात लावायला घाबरू नका. त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. माणूस दगावतो तो बहुतेक वेळा हृदय किंवा श्वास थांबल्यामुळे, आणि लगेच छातीवर दाब देणं सुरू केलं तर माणूस परत येऊ शकतो. एकाच वेळी अनेकांना लागली असेल तर आधी निपचित पडलेल्याकडे जा. ओरडतोय, कण्हतोय तो जिवंत आहे. त्याच्याकडे नंतर जाता येतं. हे तुमच्या गटात नक्की सांगा, पाऊलवाट.

सपाटीवरचा:

ताई, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद वाचल्यापासून दवबिंदू बघायला लागलो आहे. काल सकाळी ९ होता, तापमान दुपारी ३५ गेलं. हिशेबाने तळ सव्वातीन हजार मीटरवर. डोंगरावरचे ढग खरोखरच खूप उंच वाटत होते, खाली झालरी लोंबत होत्या, आणि साडेपाचला धूळ आली. आज सकाळी दवबिंदू १५ आहे आणि वारा पूर्वेचा. मी सराव आत्ताच रद्द केला.

मैदानाबद्दल एक विचारायचं राहिलं. सराव सुरू झाल्यावर लांब वीज चमकली तर किती सेकंद मोजायचे आणि कधी थांबायचं? आमच्याकडे तीन बाजूंनी उघडी एक पत्र्याची शेड आहे आणि मुलांना आणणारी बस असते. पालक म्हणतात शेडमध्ये उभं करा.

मेघमाला:

शेडमध्ये नको, बसमध्ये. पत्र्याची उघडी शेड पावसापासून वाचवते, विजेपासून नाही. बसचं बंद धातूचं कवच प्रवाह बाहेरून जमिनीत नेतं. खिडक्या बंद, आणि आतल्या धातूला हात न लावता बसायचं. टायर रबरी आहेत म्हणून बस सुरक्षित, असं मुलांना कुणी सांगितलं असेल तर ते चूक आहे. वाचवतं ते कवच. पक्की, चारी भिंतींची, वायरिंग आणि नळ असलेली इमारत जवळ असेल तर ती त्याहून बरी.

मोजण्याचं म्हणाल तर आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर जातो. चमक आणि कडाडणं यांत ३० सेकंद म्हणजे वादळ १० किलोमीटरवर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की आत जायचं, आणि शेवटचा आवाज झाल्यावर ३० मिनिटं बाहेर यायचं नाही, असा जुना नियम आहे. दुसरा भाग तंतोतंत पाळा. पहिल्या भागात मी तुमच्यासाठी मोजत बसू नका असंच सांगेन. गडगडाट सहसा १५ किलोमीटरच्या पलीकडे ऐकू येत नाही, आणि वीज पावसाच्या कडेपासून १५ किलोमीटर बाजूलाही पडू शकते, निरभ्र भागातसुद्धा. म्हणजे आवाज कानावर आला की तुम्ही तिच्या टप्प्यात आहात. चाळीस मुलं बसमध्ये चढायला किती वेळ लागतो ते एकदा कोरड्या दिवशी करून बघा. तो वेळ कळला की किती आधी शिट्टी वाजवायची ते आपोआप कळेल.

विजेचा पल्ला किती असू शकतो याची कल्पना यावी म्हणून: २२ ऑक्टोबर २०१७ ला ग्रेट प्लेन्सवर पूर्व टेक्सासपासून जवळजवळ कॅन्सस सिटीपर्यंत गेलेल्या एका विजेची लांबी ८२९ किलोमीटर भरली, आणि जागतिक हवामान संघटनेने ती विक्रम म्हणून नोंदवली. अशा विजा मोठ्या, पसरलेल्या वादळांतच होतात, तुमच्या रोजच्या डोंगरी ढगात नाही. पण वादळाचा जोर ओसरल्यावर मागे रेंगाळणाऱ्या पांढऱ्या ढगातूनही वीज येते, म्हणून त्या ३० मिनिटांत मुलांनी कितीही हट्ट केला तरी सोडू नका.

रात्रपाळी:

छान धागा. मी रात्री कामावर असतो, त्यामुळे माझा अनुभव उलटा आहे. ऊन हेच इंधन असेल तर वादळ सूर्यास्तानंतर थंडावायला हवं. आमच्या सपाट भागात खरा धिंगाणा रात्री अकरानंतर असतो, आणि पहाटेपर्यंत चालतो. ते कसं? शिवाय कधीकधी क्षितिजावर तासभर नुसत्या विजा चमकतात, आवाज अजिबात नाही. लोक म्हणतात ती उकाड्याची वीज, तिच्यात पाऊस नसतो.

मेघमाला:

आवाज न येणारी वीज म्हणजे लांबच्या वादळाची नेहमीचीच वीज. रात्री उंच ढग उजळलेला शंभर किलोमीटरवरूनही दिसतो, आवाज तेवढा येत नाही. तिच्यात पाऊस असतो, फक्त दुसऱ्यांच्या गावावर. ती कोणत्या दिशेला आहे आणि तासाभरात जवळ येते आहे का, एवढं बघत राहा.

रात्रीच्या वादळांचा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे आणि त्यावर अजून काम चालू आहे. २०१५ मध्ये फक्त यासाठी ग्रेट प्लेन्सवर विमानं, रडार आणि फुगे घेऊन माणसं रात्र रात्र जागली. ठळक कारण असं: दिवसा तापलेली हवा खालीवर घुसळत असते, त्यामुळे जमिनीचं घर्षण वरपर्यंत जाणवतं आणि वारा अडतो. सूर्य मावळला की जमीन थंड होते, घुसळण थांबते, आणि काही शे मीटरवरचा वारा घर्षणातून सुटून वेग घेतो. ताशी ६०-७० किलोमीटर सहज. खाली तुम्हाला पान हलताना दिसत नाही, पण वर हा झोत दक्षिणेचा ओलावा वाहून आणत असतो. तो जिथे मंदावतो किंवा थंड हवेच्या थरावर चढतो, तिथे हवा वर जाते. वादळाचं पोषण तेव्हा जमिनीवरून होत नाही, या झोतातून होतं.

त्यात डोंगरावरून आलेली वादळं मिसळतात. दुपारी रॉकीवर सुरू झालेली वादळं पूर्वेला सरकत, एकमेकांत मिळत, मध्यरात्रीच्या आसपास कॅन्सस-नेब्रास्काच्या सपाटीवर पोचतात. रात्री उपग्रहाच्या चित्रात ती एका प्रचंड गोल ढगासारखी दिसतात. १९८० मध्ये हवामानशास्त्रज्ञ मॅडॉक्स यांनी अशा समूहांचं वर्णन केलं, आणि पुढच्या अभ्यासांतून कळलं की त्या भागातल्या उन्हाळी पावसाचा मोठा वाटा यांचाच आहे. म्हणजे शेतकऱ्याला नको असलेल्या गारा आणि हवा असलेला पाऊस, दोन्ही एकाच समूहातून येतात. आपल्याकडची कालबैसाखी, म्हणजे पूर्व भारतातली उन्हाळी वादळं, हीसुद्धा पुष्कळदा छोटा नागपूरच्या पठारावर दुपारी उठते आणि बंगालच्या सपाटीवर संध्याकाळी-रात्री पोचते.

डोंगराचाही रात्रीचा हात असतो. उतार थंड झाले की वारे उलटतात आणि थंड हवा दरीतून खाली वाहते. खाली दमट हवा असेल तर ती पायथ्याशी उचलली जाते. व्हेनेझुएलाच्या माराकाइबो सरोवरावर जगात सगळ्यात जास्त विजा होतात, वर्षाला दर चौरस किलोमीटरला सुमारे २३३ वेळा, आणि त्याही मुख्यतः रात्री. तीन बाजूंनी डोंगर, मध्ये गरम पाणी, रात्री चहूकडून उतरणारी थंड हवा पाण्यावर येऊन भेटते. दिवसा जी भेट कण्यावर होते, ती रात्री खोलगट भागात.

सपाटीवरचा, यातून तुमच्याही कामाचं एक निघतं. रात्री मोठं वादळ झालं असेल तर त्याची थंड हवा सकाळी सपाटीवर कुठेतरी पडून असते. तिच्या आत दुपारपर्यंत काही होत नाही, म्हणून वाटतं आज सुटलो. पण तिची कड जिथे असते तिथे एका बाजूला गार आणि दुसऱ्या बाजूला तापलेली दमट हवा असते, आणि तिथे त्या दिवशी डोंगराची वाट न बघता थेट सपाटीवरच ढग उठू शकतो. म्हणजे तीसेक किलोमीटरची आगाऊ सूचना मिळणार नाही. अशा दिवशी पश्चिमेकडे बघून पुरत नाही. सकाळच्या उपग्रह चित्रात बारीक ढगांची एखादी कमानदार रेघ दिसते का ते बघा, बहुतेकदा तीच ती कड असते.

सपाटीवरचा:

ताई, आज सातला इथे गारा पडल्या, सुपारीएवढ्या. मैदान रिकामं होतं. रेघेचं उद्या सकाळी बघतो आणि दवबिंदूसकट इथेच लिहितो.

मेघमाला:

लिहा. वाऱ्याची दिशाही लिहा, सकाळी आठची आणि दुपारी दोनची. पंधरवडाभराच्या नोंदी झाल्या की त्यांत तुमच्या जागेचा आकडा सापडेल, ज्याच्या वर गेल्यावर तुम्ही विचार न करता सराव रद्द कराल.